पणजोबांचे बाक

दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, नॉर्विचमधल्या एका नव्यानेच उघडलेल्या कॅफेत, छत्री कुठे टेकवावी म्हणून जागा शोधताना हेस्टर केरिजचा डावा हात काउंटरच्या कडेला असलेल्या एका लाकडी कोपरावर पडला आणि तिथेच थांबला. ती दाताच्या डॉक्टरकडून आली होती. सुईमुळे अर्धा जबडा आणि खालचा ओठ बधिर झाला होता, चेहऱ्याची ती बाजू कुणा दुसऱ्याची असावी तशी लोंबत होती. बाहेर ऑक्टोबरचा बारीक पाऊस होता, आत कॉफीच्या यंत्राचा फुसफुसाट आणि ओल्या कोटांचा वास. तिने खाली पाहिलं नव्हतं. पण बोटांना काहीतरी कळलं होतं. कोपराचा तो गुळगुळीत, किंचित तेलकट उतार, मग अंगठा आपोआप जिथे जाऊन बसतो तो खळगा, आणि खळग्याच्या पलीकडे टोपलीची वीण, जिच्यातले तीन वेढे झिजून जवळजवळ सपाट झालेले. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तिने हात काढला, पुन्हा ठेवला, आणि मगच मान वळवून पाहिलं. वीतभर उंचीची एक लाकडी बाई, डोक्याला फडकं, पाठीवर टोपली, टोपलीतून मान बाहेर काढलेलं एक बदक, आणि बाईची मान त्या बदकाच्या ओरडण्याने वैतागून जराशी कललेली. तिच्या गावच्या, ऑल्डर्सेटच्या चर्चमधली बदकवाली. डावीकडचा चौथा बाक, मधल्या वाटेच्या बाजूला. ती जिच्या कडेवर बसली होती ती बाकाच्या टोकाची ओकची जाड फळी खालून कापली होती आणि काउंटरला आधार म्हणून स्क्रूने बसवली होती.

"छान आहे ना?" काउंटरमागची तरुण मुलगी म्हणाली. तिच्या ॲप्रनवर टॅमसिन असं नाव शिवलं होतं. "येणारा प्रत्येक जण तिला हात लावतो. आम्ही तिला ग्लॅडिस म्हणतो. काय देऊ तुम्हाला?"

हेस्टरने चहा मागितला. शब्द ओठाच्या बधिर कडेवरून घसरून भलतेच बाहेर पडले. मुलीने जरा काळजीने पाहिलं, म्हणून तिने गालाकडे बोट दाखवून "दात" असं म्हटलं आणि काउंटरजवळच्याच उंच स्टुलावर बसली. चहा आला, तो पिता येणार नव्हता. कप हातात धरून ती बदकवालीकडे पाहत राहिली. बाक काढले त्याला बारा वर्षं झाली होती, आणि त्याआधीही बरीच वर्षं ती त्या बाकावर प्रार्थनेला बसली नव्हती, तरी हाताने चूक केली नव्हती. हात शरीराचाच असतो, पण त्याची आठवण वेगळ्या पेटीत ठेवलेली असावी. सहा-सात वर्षांची असताना दर रविवारी सकाळी ती त्या फळीला चिकटून बसायची, आई मध्ये, वडील आतल्या बाजूला. चर्चमध्ये ओल्या चुन्याचा, मेणबत्त्यांचा आणि मेलेल्या माश्यांचा वास असे. व्हिकर, गावचे धर्मगुरू, बोलत राहायचे. वर छताच्या तुळयांवर पंख पसरलेले देवदूत होते, त्यांच्या पंखांत छऱ्यांची भोकं. कधीतरी कुणीतरी चर्चमध्ये शिरलेले कावळे टिपायला बंदूक चालवली होती म्हणे. पुढे वेदीच्या आधीच्या कोरीव लाकडी पडद्यावर आठ संत रंगवलेले होते आणि आठही जणांचे चेहरे खरवडून काढलेले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी मूर्ती म्हणजे पाप असं मानणारे सैनिक आले आणि एका सकाळीत त्यांनी ते काम उरकलं, इतकंच गावाला ठाऊक होतं. हेस्टरला त्या चेहरे नसलेल्या माणसांची भीती वाटायची. म्हणून ती बदकवालीचं कोपर धरून बसायची. सैनिकांनी तिला हात लावला नव्हता. बाजाराला निघालेल्या बाईत त्यांना देव दिसला नसणार.

गावातल्या मोठ्या घरची एक मुलगी होती, हेस्टरहून दोन वर्षांनी मोठी. तिच्या घराण्याच्या नावाच्या पितळी पाट्या भिंतीवर ओळीने लावलेल्या होत्या, अगदी जुन्या लॅटिन अक्षरांतल्याही. एकदा प्रार्थना संपल्यावर बाहेर पडताना ती मुलगी म्हणाली, "ही सगळी आमची माणसं. तुमची कुठे आहेत?" हेस्टरची माणसं बाहेर गवताखाली पुरलेली होती, वर नावाचा दगडही नसलेली. ती रडली नाही, पण घरी जाताना आईचा हात सोडून चालली, आणि पुढच्या रविवारी वडिलांनी, सिरिल केरिज यांनी, तिचा हात उचलून बदकवालीच्या कोपरावर नीट ठेवला आणि कानाशी म्हणाले, "हे आपलं. तुझ्या खापरपणजोबांनी, जोसायानं कोरलंय. हे डावीकडचे सहा आणि उजवीकडचे सहा, बाराच्या बारा. त्या पितळेपेक्षा हे टिकेल." वडील सुतार होते. त्यांच्या बोटांना सरसाचा आणि भुशाचा वास यायचा. त्या दिवसापासून ते बाक घरात 'पणजोबांचे बाक' झाले. खापर हा शब्द आईला अभद्र वाटायचा म्हणून तो गळून पडला. हेस्टर दर रविवारी चर्चमध्ये शिरताना मालकिणीसारखी शिरायची. बाराही फळ्यांवरचं सगळं तिला तोंडपाठ होतं: बदकवाली, पायातला काटा काढणारा म्हातारा, वाद्य वाजवणारं डुक्कर, अंथरुणात झोपलेला आळशी, स्वतःचीच शेपूट चावणारा कोल्हा. पुढे ती शिकायला शहरात गेली आणि जुन्या लाकडाचा अभ्यास करू लागली, त्याचं कारण कुणी विचारलं की ती हसून सांगायची, घरचाच धंदा आहे आमचा.

चहावर साय धरली. तिने पर्समधला छोटा टॉर्च काढला. कामासाठी तो नेहमी जवळ असायचा. स्टुलावरून उतरून ती फळीच्या मागच्या बाजूला वाकली. हे आपण का करतोय असं तिने स्वतःला विचारलं नाही. उत्तर कोपर धरलं तेव्हाच हातात आलेलं होतं. जोसायाच्या काळापासूनच्या सव्वाशे वर्षांत ओक इतका झिजत नाही. आठवड्यातून एकदा, तासाभरासाठी, काही शे लोकांचे हात लागून टोपलीची वीण सपाट होत नाही. हे तिला पंचविसाव्या वर्षापासून ठाऊक होतं, ती ते विद्यार्थ्यांना शिकवत होती. फळीची मागची बाजू काळ्या रंगाखाली झाकलेली होती, पण नव्याने कापलेल्या खालच्या कडेला लाकूड उघडं पडलं होतं. करवतीचे वळ वेडेवाकडे, एकमेकांना छेदणारे. दोन माणसांनी, एकाने खड्ड्यात उतरून आणि एकाने वर उभं राहून, हाताने कापलेल्या ओंडक्याचे. यंत्राच्या करवतीचे वळ असे नसतात. बाई, बदक, फळी, माथ्यावरचा कोरीव तुरा, सगळं एकाच अखंड लाकडातून निघालेलं होतं, कुठे जोड नाही, सरस नाही. मग तिने टॉर्च बाईच्या काखेत धरला. टोपलीचा पट्टा जिथे खांद्याखाली शिरतो तिथे, जिथे ब्रश पोचत नाही आणि रंग उतरवणारं सोड्याचं पाणीही पोचत नाही, त्या भेगेत मसुराच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका होता. शेंदरी लाल. हे बाक कधीकाळी रंगवलेले होते. असे रंगवलेले बाक ज्या काळात होत तो काळ संपून साडेचारशे वर्षं झाली होती. मेंढ्यांच्या लोकरीवर गाव श्रीमंत होतं, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपल्या बायका, आपली डुकरं, आपला आळस देवाच्या घरात कोरून घेतला होता, तो काळ.

"बाई, बरं वाटतंय ना तुम्हाला?" टॅमसिन काउंटरवरून वाकून विचारत होती. "पाणी आणू?"

"हे कुठून आणलंत?"

"मालकानं आणलं. सफोकात कुठेतरी जुन्या लाकडाची वखार आहे, तिथून. कुठल्याशा चर्चचं आहे. खरं जुनं नाही हं, नक्कल आहे, त्यानं सांगितलं होतं. कागदच होता तसा कुणा तज्ज्ञाचा. नाहीतर कापू दिलं असतं का कुणी?"

हेस्टर उभी राहिली. ओठाची बधिरता उतरत होती, तिथे मुंग्या चालल्यासारखं वाटत होतं. तो कागद तिचा होता.

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की छत्री आतच राहिली. परत जाणं शक्य नव्हतं. ती भिजत चालू लागली आणि चालताना तिला तो बारा वर्षांपूर्वीचा दिवस हवा असो वा नसो, संपूर्ण दिसत राहिला. ऑल्डर्सेटच्या तेव्हाच्या व्हिकरना बाक नको होते. प्रार्थनेला पंधरा माणसं यायची, छप्पर गळत होतं, आणि मोकळी जागा झाली तर खेळगट, व्यायामाचा वर्ग, गावजेवण असं काही करता येईल, चर्च जगेल असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. बिशपच्या कार्यालयाने लाकडाची जाणकार म्हणून हेस्टरला पाठवलं. ती आपल्याच गावची आहे हे तिने सांगितलं होतं. ते म्हणाले, उलट बरंच. एक अख्खा दिवस ती त्या चर्चमध्ये होती. पडद्यावरच्या संतांसमोर ती तीन तास होती, भिंग घेऊन. छताचे देवदूत तिने शिडीवर चढून पाहिले. दोन्ही तिने वाचवले, तिच्या अहवालामुळे त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. बाकांजवळ ती किती वेळ होती? पंधरा मिनिटं असतील. ती बदकवालीजवळ बसली होती, कोपर धरून. टॉर्च पिशवीत होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, आणि तिला इतकं स्वस्थ वाटलं होतं की तिने डोळे मिटले होते. घरची वस्तू कुणी तपासत नाही. आपल्या आईचा चेहरा कुणी भिंगाने पाहतो का? मग तिने वहीत लिहिलं: बारा बाक, अंदाजे १८७४, गावचे सुतार जोसाया केरिज यांची मध्ययुगीन धाटणीची नक्कल, असामान्य हात, तथापि स्वतंत्र ऐतिहासिक मूल्य मर्यादित. 'असामान्य' हा शब्द लिहिताना तिला किती आनंद झाला होता. आणि 'मर्यादित' लिहिताना किती अभिमान. बघा, मी माझ्या घरच्यांनाही सवलत देत नाही. तो अभिमान तिला आता तोंडातल्या औषधाच्या चवीसारखा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने वखारीत फोन केला. मालक बोलका माणूस होता. ऑल्डर्सेटचे बाक ना, हो, आठवतात की. चार परदेशात गेले, कुठल्याशा हॉटेलवाल्याने नेले. दोनांचं फाटक झालं. एक त्या नॉर्विचच्या कॅफेत. "आणि बाकीचे?" तिने विचारलं. "बाकीच्यांना कीड होती, बाई. दोन हिवाळे उघड्यावर पडले होते. शेवटी आम्हीच शेगडीत घातले. ओक काय जळतो म्हणून सांगू! एक डुक्कर होतं, वाजवत बसलेलं, ते माझ्या बायकोनं आधी ठेवून घेतलं होतं, पण नातवाला त्याची भीती वाटायला लागली." मग त्याने जरा थांबून विचारलं, "का? खरे होते की काय?" आणि स्वतःच हसला.

रविवारी ती वडिलांकडे गेली. सिरिल केरिज नव्वद वर्षांचे होते आणि हेल्सवर्थजवळच्या एका वृद्धाश्रमात राहत होते. कान चांगले होते, डोकं चांगलं होतं, फक्त गुडघे गेले होते आणि हात थरथरत. खिडकीजवळच्या टेबलावर ते चित्राचे तुकडे जुळवत बसले होते. आगगाडीचं इंजिन आणि त्यामागे बरंचसं आकाश. आकाश राहिलं होतं.

"निळे सगळे सारखेच दिसतात," ते म्हणाले. "बनवणाऱ्याला म्हणावं, मेल्या, एखादा पक्षी तरी टाकायचास. बस पोरी. दात कसा आहे?"

"बरा आहे. डॅड, मला बाकांविषयी विचारायचंय."

"कुठले बाक? इथे चाकांच्या खुर्च्या आहेत नुसत्या."

"चर्चमधले. जोसायाचे."

त्यांनी हातातला निळा तुकडा एका जागी दाबून पाहिला. बसला नाही. तो त्यांनी परत ढिगात ठेवला, आणि ढिगावरून हात काढला नाही. हेस्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की विचारायची गरज उरलेली नाही, आणि तरी विचारावं लागणार आहे.

"त्यांनी कोरले नव्हते ना ते?"

"नाही," सिरिल म्हणाले. इतक्या साधेपणाने की तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मग त्यांनी काय केलं होतं?"

"घासले. अठराशे चौऱ्याहत्तर साली ते नव्या व्हिकरांचं खूळ निघालं ना, सगळं गडद, सगळं एकसारखं पाहिजे. तेव्हा जोसायाला लावलं होतं. सहा आठवडे तो सोड्याच्या पाण्यानं ते बाक घासत होता. रंगाचे कपचे निघायचे म्हणे, लाल, हिरवे. हाताची सालटी गेली होती त्याच्या. मग वरून काळा रंग दिला. माझा आजोबा तेव्हा लहान होता, बादल्या उचलायचा, त्यानं मला सांगितलं. कोरायला कोण देतंय आम्हाला? केरिजांनी या गावात दारं केली, शवपेट्या केल्या, डुकरांच्या गव्हाणी केल्या."

"तुम्ही मला सांगितलंत की त्यांनी कोरले."

"सात वर्षांची होतीस. ती मोठ्या घरची कार्टी तुला बोलली होती. आठवडाभर तू जेवताना मान वर केली नाहीस. तुझी आई म्हणाली, काहीतरी सांगा तिला. मी सांगितलं." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "मला वाटलं, मोठी होशील तशी विसरशील. तू तर त्याचाच अभ्यास करायला लागलीस."

हेस्टरला रागाची वाट पाहावी लागली. तो यायला हवा होता आणि येत नव्हता. जे आलं ते म्हणजे खोलीतल्या उष्णतेची जाणीव, उकडलेल्या कोबीचा वास, शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरचं घोड्यांच्या शर्यतीचं भरभर बोलणं. तिने जरा मोठ्यानेच विचारलं, "पण मी तो अहवाल तुम्हाला वाचून दाखवला होता. स्वयंपाकघरात बसून. तेव्हा का नाही बोललात? तेव्हा वेळ होती, डॅड. बाक तेव्हा जागच्या जागी होते."

सिरिलनी ढिगावरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तू चष्मा लावून वाचत होतीस. गावचे सुतार जोसाया केरिज. असामान्य हात. टाइप केलेलं, वर बिशपच्या कार्यालयाचं नाव. आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला असामान्य म्हटलेलं नाही, पोरी. मी म्हटलं, ही एवढी शिकलेली, हिनं बघितलंय. हिनं टॉर्च लावून, भिंग लावून बघितलंय, आणि ही म्हणतेय त्यानंच कोरले. मग कदाचित म्हाताऱ्याची आठवण चुकली असेल. कदाचित मी खोटं बोललो असं मीच समजत होतो, आणि ते खरंच निघालं." त्यांचे डोळे पाणावले होते, पण ते म्हाताऱ्या डोळ्यांना नेहमीच यायचं तसलंही पाणी असेल. "त्या रात्री मी तुझ्या आईच्या फोटोला सांगितलं, बघ, खरं होतं."

मी तुमच्यावर विश्वास ठेवून पाहिलंच नव्हतं, आणि तुम्ही मी पाहिलंय असा विश्वास ठेवून गप्प बसलात. हे वाक्य तिच्या मनात तयार झालं, ते अगदी चोख होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. त्या दोन विश्वासांच्या मध्ये बारा बाक होते. तिने ढिगातला एक निळा तुकडा उचलला आणि उगाच फिरवून पाहिला.

"मग काय झालं त्यांचं?" वडिलांनी विचारलं.

"चांगल्या ठिकाणी गेले," ती म्हणाली. "हॉटेलात वगैरे. सांभाळून ठेवलेत."

"हं," ते म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं. पण त्यांनी मान हलवली, जशी सातव्या वर्षी तिने हलवली असेल.

त्या आठवड्यात तिने बिशपच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. आपली चूक कशी झाली ते वळणं न घेता मांडलं, करवतीचे वळ, अखंड लाकूड, रंगाचा अंश, सगळं. कॅफेतल्या त्या एका फळीचं तरी रक्षण व्हावं अशी विनंती केली, आणि आपल्याला यापुढे या कामावरून काढावं असंही. तिला वाटलं होतं कुणीतरी संतापेल. कुणीतरी फोन करेल, निदान थंडपणे विचारेल, बाई, हे तुम्हाला दिसलं कसं नाही? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानलेले होते. तुमचं पत्र मूळ अहवालाला जोडून ठेवलं आहे. बाक आता खाजगी मालकीचे असल्यामुळे त्याबाबत काही करता येण्यासारखं नाही. तुमच्या सेवेची आम्हाला कदर आहे, आणि पुढल्या वसंतात दोन चर्चची पाहणी करायची आहे, तारखा कळवाव्यात. कॅफेत ती एकदा गेली, दारापर्यंत. काचेतून दिसत होतं, बदकवालीच्या मानेत कुणीतरी नाताळची झगमगती माळ घातली होती. एक माणूस तिला टेकून फोनवर बोलत होता. हेस्टर परत फिरली. तिला हेही कळत होतं की आपण आत जाऊन मालकाला सांगितलं, ही खरी आहे, तर तो तिला लगेच विकून टाकेल, आणि ती कुठे जाईल ते मग कुणालाच कळणार नाही. न सांगितलं तर ती अशीच राहील, रोज फडक्याने पुसली जात, चहाचे डाग पडत. दोन्हीकडे सारखाच अंधार होता. कामावर गेली की कुठलंही जुनं लाकूड पाहताना तिचा हात आता आधी मागे सरायचा. ती दहा दहा वेळा मोजायची, फोटो घ्यायची, आणि निष्कर्षाच्या रकान्यात काहीच लिहू शकायची नाही. वसंतातल्या तारखा तिने कळवल्या नाहीत.

फेब्रुवारीत सिरिल केरिज गेले. सर्दी झाली, ती छातीत उतरली, चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवशी ते नुसती चादरीची शिवण दोन बोटांनी चाचपत होते, जोड नीट बसलाय का पाहावं तशी. दफनविधी ऑल्डर्सेटलाच होता. बाक गेल्यानंतर हेस्टर चर्चमध्ये पहिल्यांदाच शिरत होती. आतलं चर्च मोठं झालं होतं, आणि उबदार. फरशीवर फिकट गालिचा होता, एका कोपऱ्यात खेळण्यांच्या टोपल्या, भिंतीला व्यायामाच्या सतरंज्या. जांभळ्या गादीच्या धातूच्या खुर्च्या नीट रांगांत मांडल्या होत्या. पडद्यावरचे आठ चेहरे नसलेले संत त्या खुर्च्यांकडे तोंड करून उभे होते. नव्या व्हिकर, फिलिपा ऑर्म, तरुण आणि मायाळू होत्या, सिरिलना वृद्धाश्रमात भेटायला जायच्या. त्या छान बोलल्या. म्हणाल्या, केरिजांनी या गावाला दारं दिली, खिडक्या दिल्या; आणि मला चर्चच्या कपाटात एक जुना अहवाल सापडला, त्यात सिरिल यांच्या पणजोबांच्या कोरीव कामाविषयी लिहिलंय, असामान्य हात, असे शब्द आहेत. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत बसलेली हेस्टर उठून उभी राहू शकली असती. ती उठली नाही. समोर शवपेटी होती, तिच्या कडा यंत्राने गोल केलेल्या होत्या, वडिलांना त्या आवडल्या नसत्या, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं.

चहा चर्चमध्येच होता. बाकांच्या जागी आता टेबलं लावली होती, त्यांवर सँडविच आणि बियांचा केक. मिसेस ड्यूलसी कॅटरमोल काठी टेकत आल्या आणि हेस्टरच्या शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हातांनी आधार घेत बसल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, हेस्टरच्या आईची मैत्रीण, लहानपणी हिला शेंगा सोलायला बसवणारी. गावात हेस्टरला नावाने हाक मारणारं आता हे एकच माणूस उरलं होतं.

"मऊ आहेत गं या खुर्च्या," ड्यूलसी म्हणाल्या, "पण माझ्या पार्श्वभागाला धर्म कळत नाही यांच्यावर. त्या जुन्या बाकांवर कसं, देव आठवायचाच." त्या हसल्या. मग हेस्टरच्या मनगटावर हात ठेवला. "तुला म्हणून सांगते. ते बाक काढायचे ठरलं ना, तेव्हा आम्ही अकरा बायका होतो. कागद केला होता, सह्या केल्या होत्या. मेबल पेटिट तर म्हणाली, मी स्वतःला साखळीनं बांधून घेते बाकाला, उचला म्हणावं माझ्यासकट. माझं लग्न झालं त्या बाकांसमोर. माझी मुलं त्यांच्यावर दात शिवशिवले की चावायची, कोल्ह्याच्या कानावर खुणा होत्या. मग व्हिकरांनी तुझा कागद वाचून दाखवला. आम्ही म्हटलं, झालं. केरिजांचेच बाक, केरिजांचीच पोर म्हणतेय जाऊ द्या, मग आपण कोण मध्ये तोंड घालणारे? उगाच सिरिलला वाईट वाटायचं. कागद चुलीत घातला."

हेस्टरने कप बशीत ठेवला. आवाज झाला. तिला वाटलं होतं की आता सांगायला कुणी उरलेलं नाही, आणि त्यात एक प्रकारची शांतता होती, गेल्या काही दिवसांत ती त्या शांततेला सरावत चालली होती.

"ते केरिजांचे नव्हते, ड्यूलसी," ती म्हणाली. "खरेच जुने होते. पाचशे वर्षांचे. मी नीट पाहिलं नाही."

ड्यूलसी तिच्याकडे पाहत राहिल्या. आजूबाजूला लोक बोलत होते, कुणीतरी हीटर कसा चांगला चालतो ते सांगत होतं. म्हातारीचा हात अजून मनगटावर होता, पण तिची पकड गेली होती.

"कुठे आहेत आता?"

"बरेचसे जाळले."

"कोल्हा?"

"माहीत नाही. जाळलाच असेल."

ड्यूलसींनी हात काढून घेतला आणि तो काठीवर ठेवला. "सिरिलला हे ठाऊक होतं?"

पडद्याजवळ व्हिकर कुणाशी तरी हळू बोलत होत्या. हेस्टर म्हणाली, "नाही. डॅडना काही ठाऊक नव्हतं. चूक माझी एकटीची."

"मग मला कशाला सांगितलंस?" ड्यूलसी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्या खरोखरच विचारत होत्या. "मी आता किती दिवसांची? इतके दिवस मी म्हणत होते, असू दे, सुताराचे होते, सुताराच्या लेकीनं नेले." त्यांनी उठायचा प्रयत्न केला. हेस्टरने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला आणि घेतला नाही. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. काठी टेकत त्या गालिच्यावरून पलीकडे गेल्या, जिथे इतर म्हाताऱ्या बसल्या होत्या, आणि त्यांच्यात, हेस्टरकडे पाठ येईल अशी एक खुर्ची ओढून बसल्या. थोड्या वेळाने त्यातली एक वळून हेस्टरकडे पाहू लागली, मग दुसरी. मग दोघींनी माना फिरवल्या. केकची थाळी फिरत फिरत त्या म्हाताऱ्यांच्या टेबलापर्यंत आली आणि हेस्टरकडे न येता तिथूनच परत गेली.